घरातील वायरिंग नव्याने करताना परवानाधारक विद्युत ठेकेदार बंधनकारक आहे का?

धायरीकर

नमस्कार. आमची सदनिका धायरीत, साधारण पंचवीस वर्षे जुन्या इमारतीत आहे. स्वयंपाकघर आणि दोन्ही शयनकक्षांचे नूतनीकरण काढले असून त्यात दोन एसी, एक गिझर आणि इंडक्शन शेगडी यांची भर पडणार आहे. त्यामुळे डीबीपासून (घरातील सर्किटांना वीज वाटणाऱ्या पेटीपासून) पुढचे सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल. सोसायटीकडे ना हरकत पत्र मागितले तेव्हा समितीने दोन अटी घातल्या: विद्युत ठेकेदाराचा परवाना क्रमांक अर्जात लिहायचा आणि काम संपल्यावर त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा.

आमच्याकडे वर्षानुवर्षे विजेची कामे करणारे गृहस्थ अतिशय कसबी आहेत. मामांच्या हाताखाली ते हे काम शिकले, परिसरातील निम्म्या घरांत त्यांचेच काम आहे आणि आजवर कोणाची तक्रार ऐकलेली नाही. परवाना मात्र त्यांच्याकडे नाही. ही अट कायद्याने आलेली आहे की सोसायटीने स्वतःच्या मनाने घातलेली आहे? परवान्याशिवाय कोणती कामे करून घेता येतात? आणि काम त्यांनी केले व सही दुसऱ्या परवानाधारकाने केली, तर ते चालते का? कागदापेक्षा कसबाला अधिक मान मिळावा, असे मला मनापासून वाटते. परंतु घरात वृद्ध आई आणि लहान मुले आहेत, म्हणून जाणकारांनी स्पष्ट मार्गदर्शन करावे ही विनंती.

पर्यवेक्षक_भोसरी

धायरीकर, मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या विद्युत विभागात काम करतो आणि माझ्याकडे पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ही अट कायद्याचीच आहे. सोसायटीने ती फक्त कागदावर मागितली आहे.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ मध्ये ही तरतूद होती. २००३ चा विद्युत अधिनियम आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयी २०१० साली विनियम केले, त्यांत विनियम २९ म्हणून ती जवळजवळ त्याच शब्दांत कायम राहिली आणि २०२३ मध्ये जे नवे विनियम आले त्यांतही ती आहेच. आशय असा की ग्राहकाच्या जागेतील विद्युत संचमांडणीचे (वायरिंग आणि जोडणीचे) काम, मग ते नवे असो, वाढीव असो, फेरफाराचे असो की दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचे. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीची प्रत्यक्ष देखरेख हवी आणि हाताने काम करणाऱ्याकडे शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना हवा. म्हणजे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री (वायरमन) अशा तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींचे कागद वेगवेगळे असतात. या नियमाविरुद्ध केलेली संचमांडणी वीजपुरवठादाराच्या यंत्रणेला जोडू नये, असेही त्याच तरतुदीत पुढे सांगितलेले आहे. लोक हे वाक्य सहसा वाचत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाविषयी: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि फिटिंग्ज बदलण्याची कामे यातून वगळलेली आहेत, मात्र त्या बदलामुळे संचमांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. बिघडलेला पंखा काढून दुसरा लावणे या सवलतीत बसते. एसीसाठी नवी लाइन ओढणे बसत नाही. आपले काम तर डीबीपासून पुढचे आहे, त्यामुळे तेथे शंकेला जागा नाही.

नारायणपेठी

लग्नाच्या स्थळाची करतो तशी वायरमनचीही चौकशी करायची वेळ आली म्हणायची! पर्यवेक्षक, एक शंका. सहा अँपिअरच्या सॉकेटच्या जागी सोळा अँपिअरचे सॉकेट लावले तर ते ‘स्विच बदलणे’ झाले की ‘क्षमता बदलणे’? आमच्या वाड्यात हा उद्योग घरोघरी झालेला आहे.

पर्यवेक्षक_भोसरी

नारायणपेठी, माझ्या मते ते क्षमता बदलणेच आहे. सॉकेटमागची वायर दीड एमएमची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) राहिली आणि समोर सोळा अँपिअरचे तोंड उघडले, तर आज ना उद्या कोणीतरी त्यात गिझर किंवा हीटर लावणार. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर घेतो आणि तोही बराच वेळ सलग घेतो. जुन्या वाड्यांत लाकडी केसिंग-कॅपिंगमधून गेलेल्या, आवरण कडक होऊन तडकलेल्या वायरी अजूनही आढळतात. तेथे या एका बदलाने आगीची सुरुवात होऊ शकते.

कोथरूडची_वास्तुरचनाकार

मी अंतर्गत सजावटीची कामे करते, त्यामुळे भिंतीच्या आत काय दडलेले असते ते वरचेवर पाहावे लागते. एका सदनिकेत पीओपीचे छत उतरवले तेव्हाची गोष्ट सांगते, कारण धायरीकरांच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

त्या घरात आधीच्या कारागिराने गिझर आणि एसी यांच्यासाठी दोन स्वतंत्र फेज वायरी (उपकरणाकडे वीज नेणाऱ्या) चार एमएमच्या ओढल्या होत्या आणि डीबीत प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा खटका) दिलेला होता. वरवर पाहता काम उत्तम होते. न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) मात्र त्याने जवळच्या दिव्यांच्या बॉक्समधून घेतला होता, तोही दीड एमएमचा, आणि दोन्ही उपकरणांना तो एकच होता. एकफेजी जोडणीत दोन्हींचा प्रवाह न्यूट्रलमधून परत येताना एकत्र होतो. प्रत्येक एमसीबीला फक्त आपल्याच फेजमधला प्रवाह कळतो, त्यामुळे दोघांपैकी एकही पडत नाही आणि बिचारी बारीक न्यूट्रल वायर दोघांचा भार वाहते. जोडावर गुंडाळलेली टेप वितळून काळी, चिकट झाली होती आणि वर लाकडी चौकटीवर हाताच्या पंजाएवढा डाग पडलेला होता.

याहून गंभीर प्रकार डीबीत होता. न्यूट्रल अशी आरसीसीबीबाहेरच्या सर्किटमधून उसनी घेतली की आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा खटका) पडतो, कारण एका मार्गाने गेलेला प्रवाह त्याच मार्गाने परतलेला त्याला दिसत नाही. माणसाच्या संरक्षणासाठी घरात सहसा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात आणि तो एवढाच फरक पाहत असतो. कारागिराने दोष शोधला नाही. ‘हा सारखा पडतो’ असे सांगून त्याने आरसीसीबीच्या दोन्ही बाजू वायरने जोडून टाकल्या. पुढच्या पॅनेलवर खटका दिमाखात वर होता आणि घरातील मंडळी आपण सुरक्षित आहोत असे समजत होती.

तो कारागीर हाताने कसबीच होता. त्याच्या झिऱ्या सरळ, बॉक्स एका पातळीत आणि जोडही घट्ट होते. कसब डोळ्यांना दिसते. न्यूट्रलचा हिशेब दिसत नाही, तो कोणीतरी शिकवावा लागतो आणि कोणीतरी तपासावा लागतो.

बाणेरचा_रहिवासी

सर्वांचा मान राखून मी वेगळे मत मांडतो. परवाना असणे आणि काम चांगले होणे यांचा प्रत्यक्षात फारसा संबंध राहिलेला नाही. आमच्या घराच्या वेळी आम्ही आग्रहाने परवानाधारक ठेकेदार नेमला. पहिल्या दिवशी ते येऊन गेले, दर ठरवला आणि त्यानंतर कामावर फक्त दोन तरुण मुले होती, ज्यांच्याकडे टेस्टरखेरीज कोणतेही उपकरण नव्हते. पर्यवेक्षक म्हणून ज्यांचे नाव कागदावर होते त्यांना आम्ही पाहिलेलेसुद्धा नाही. शेवटी टेस्ट रिपोर्ट आला तो सही-शिक्क्यासह घरपोच आला. घरात एकही चाचणी झालेली नव्हती. अशा परिस्थितीत धायरीकरांनी आपल्या विश्वासाच्या माणसाला डावलून अनोळखी माणसाला काम का द्यावे?

जनमित्राची_मुलगी

बाणेरच्या रहिवाशांची तक्रार खरी आहे, पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही.

माझे वडील महावितरणमध्ये जनमित्र (लाइनमन) होते. मीटरनंतर ग्राहकाच्या मेन स्विचपासून पुढची संचमांडणी ग्राहकाची, असे आपण म्हणतो आणि ती फक्त आपल्या घराची बाब समजतो. तसे नसते. पावसाळ्यात वीज गेली की अनेक ठिकाणी जनरेटर सुरू होतात. जनरेटरची जोडणी चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी वीजजोडणी किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय), थेट डीबीत केलेली असेल, तर तो वीजप्रवाह उलट्या दिशेने बाहेर जातो. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करते, तसेच ते उलटेही काम करते. खांबावर चढलेला माणूस लाइन बंद आहे असे समजून हात घालतो आणि तिकडे उच्च दाबाची वीज उभी असते. म्हणूनच लाइन बंद केल्यावरही ती आधी तपासायची, अर्थ करायची (जमिनीशी जोडायची) आणि मगच हात लावायचा, असा वडिलांचा कटाक्ष असे. तरीही ते कामावर गेले की आई रात्रभर जागी राहत असे, आणि तिची ती काळजी अनाठायी नव्हती.

चेंजओव्हर कोठे लावायचा आणि का लावायचा हे ज्याला शिकवलेले आहे, त्याच्याच हाती हे काम असावे, एवढीच परवान्यामागची अपेक्षा आहे. ठेकेदार नियम पाळत नसेल तर त्याला पाळायला लावावे. नियमच सोडून द्यावा हे काही उत्तर नव्हे.

पर्यवेक्षक_भोसरी

बाणेरचा_रहिवासी, आपल्याला आलेला अनुभव अपवादात्मक नाही, हे मी दुःखाने मान्य करतो. सही विकणारे लोक आमच्या व्यवसायात आहेत आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान तेच करतात. मात्र त्या सहीचे मोल कमी लेखू नका. अपघातात कोणी दगावले वा जखमी झाले, तर विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे त्याची सूचना द्यावी लागते, विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतात आणि तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की ही संचमांडणी कोणी केली व कोणी तपासली. टेस्ट रिपोर्टवर नाव असेल तर उत्तर देणारा माणूस समोर असतो. परवाना नसलेल्या कारागिराकडून काम करून घेतले असेल, तर त्या प्रश्नासमोर घरमालक एकटा उभा राहतो.

आपल्या प्रकरणात रिपोर्टवर आकडे होते का? ‘समाधानकारक’ एवढा एकच शब्द लिहिलेला रिपोर्ट स्वीकारूच नये. इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरच्या आवरणाचा विद्युतरोध) किती मेगओहम, अर्थ रेझिस्टन्स किती ओहम, हे मोजून लिहावे लागते. ५०० व्होल्ट डीसी दाब एक मिनिट देऊन फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान एक मेगओहम यावा, हा निकष विनियमांतच दिलेला आहे. नव्या वायरिंगमध्ये तो त्याच्या कितीतरी पट येतो. एकाच्या आसपास आला तर कोठेतरी वायर सोलली गेली आहे किंवा ओल आहे असे समजावे.

वायरमन_हडपसर

मी धागा दोन दिवसांपासून वाचत आहे. धायरीकर ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहेत, त्यांच्यासारखाच मी एक आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून हे काम करतो, दहावीच्या पुढे शिक्षण झाले नाही आणि परवाना नाही. न्यूट्रल उसनी घ्यायची नाही, अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये एकत्र करायचे नाहीत, स्विच नेहमी फेजमध्येच बसवायचा, हे मला ज्यांनी शिकवले त्यांच्याकडेही परवाना नव्हता. त्यामुळे परवाना नसलेला प्रत्येक माणूस अडाणी असतो, असा सूर येथे लागू नये अशी माझी नम्र विनंती आहे.

अडचण वेगळी आहे. पॉइंटवर (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जागेवर) दर ठरतो. परवानाधारक ठेकेदार आम्हाला त्या दराचा काही भाग देतात आणि आमचे नाव कोठेही लागत नाही. परीक्षेला बसायचे तर अनुभवाचा दाखला लागतो आणि तो देण्यास ठेकेदार तयार होत नाहीत, कारण आम्ही त्यांच्या नोंदवहीत कामगार म्हणून कधी नव्हतोच. मला परवाना हवा आहे, पण मार्ग कोणी नीट सांगत नाही. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत सामान घेताना एकमेकांना विचारून जेवढे कळते तेवढेच आम्हाला कळते.

निवृत्त_शिल्पनिदेशक

वायरमन_हडपसर, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो आणि आपल्यासारखे अनेक जण मी पाहिले आहेत. माझ्या माहितीनुसार मार्ग असा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. हे परवाने महावितरण देत नाही. राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाशी संलग्न असलेले अनुज्ञापक मंडळ ते देते आणि परीक्षाही तेच घेते. महावितरण केवळ जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. कोणी ‘महावितरणचा परवाना काढून देतो’ असे सांगून पैसे मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळवणे आणि शिकाऊ उमेदवारी करणे, हा सरळ मार्ग आहे. पुण्यात औंधची संस्था सर्वांना ठाऊक आहेच. आपले वय आणि संसार पाहता दोन वर्षे वर्गात बसणे शक्य नसेल, तर मंडळाची तारतंत्री परीक्षा हा दुसरा मार्ग. तेथे परवानाधारक ठेकेदाराकडे काम केल्याचा दाखला महत्त्वाचा ठरतो. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की आजपासून एखाद्या प्रामाणिक ठेकेदाराकडे रीतसर नोंद करून काम करा. मजुरी थोडी कमी मिळाली तरी नोंद सोडू नका. विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांचा मार्ग निराळा आहे. ते पुरेशा अनुभवानंतर पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राकडे जातात.

अल्प मुदतीच्या कौशल्य प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आता पुष्कळ ठिकाणी मिळतात. त्यांतून शिकायला नक्कीच मिळते, पण ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. अनेक मुलांची यात फसगत होते.

वायरमन_हडपसर

सर, मनःपूर्वक आभार. नोंदीचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. याच महिन्यात एका ठेकेदाराशी बोलणार आहे.

मंडळ_कार्यकर्ता

विषय घराचा आहे, तरी गणेशोत्सवाचा उल्लेख व्हायला हवा असे वाटते, कारण पुण्यात विजेचे सर्वांत घाईचे काम त्या काळात होते. आमच्या मंडळाने तात्पुरती वीजजोडणी घेण्याचा आणि मांडवाचे वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचा नियम काही वर्षांपूर्वी केला. महावितरण तसे आवाहन दरवर्षी करत असते, पण आमच्या निर्णयाला निमित्त झाले ते मांडवाच्या लोखंडी खांबाला एका कार्यकर्त्याला बसलेला झटका. भाद्रपदात पाऊस असतोच. कापडाखालून गेलेली वायर, तिच्यावर उघड्यावर मारलेला जोड, खाली ओला गालिचा आणि रांगेत उभ्या असलेल्या बायका-मुलांचा खांबाला लागणारा हात, हे सगळे एकाच ठिकाणी येते. नंतर ठेकेदाराने काय वेगळे केले, तर मांडवाचा लोखंडी सांगाडा अर्थ केला, प्रत्येक सर्किटला आरसीसीबी दिला, जोड बंद बॉक्समध्ये घेतले आणि जनरेटरचा न्यूट्रल वीजजोडणीच्या न्यूट्रलपासून अलग ठेवला. खर्च वाढला, हे खरे आहे. वर्गणीच्या हिशेबात आम्ही तो वेगळ्या ओळीत दाखवतो आणि आजवर एकाही वर्गणीदाराने त्याबद्दल विचारणा केलेली नाही.

नारायणपेठी

मंडळाच्या या निर्णयाबद्दल मनापासून अभिनंदन. आमच्या गल्लीतील मंडळाला हा प्रतिसाद दाखवणार आहे.

सोसायटी_सचिव_वारजे

समितीच्या बाजूनेही थोडे लिहितो. सदस्यांना असे वाटते की समिती कागदपत्रांसाठी अडवणूक करते. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींना विनियमांत वेगळ्या तरतुदी आहेत: वीज सुरू होण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांना सूचना द्यावी लागते, विजेच्या डक्टमधून अन्य कोणत्याही सेवेचे पाइप वा केबल नेता येत नाहीत आणि प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये आगरोधक अडसर असावा लागतो. एका सदनिकेतील कारागिराने सोय म्हणून त्या डक्टमधून एसीचा ताम्रपाइप खाली सोडला आणि त्यासाठी अडसर फोडला, तर खालच्या मजल्यावरील धूर वरच्या सर्व मजल्यांवर जाण्याची वाट मोकळी होते. आमच्या इमारतीत नेमके हेच घडता घडता राहिले. परवाना क्रमांक मागितला की ठेकेदाराशी निदान बोलता तरी येते आणि त्याला नियम सांगता येतात. ज्याचे नावच ठाऊक नाही अशा कारागिराला समितीने कोणत्या तोंडाने विचारायचे?

धायरीकरांना आणखी एक विचारतो. दोन एसी, गिझर आणि इंडक्शन वाढवताना आपण मंजूर भार (वीज कंपनीने आपल्या जोडणीला मान्य केलेला वापर) वाढवून घेणार आहात ना? वायर जाड केली आणि मंजूर भार जुनाच ठेवला, तर प्रश्न मीटरपाशी येऊन थांबतो आणि त्याचा ताण इमारतीच्या सामायिक केबलवर पडतो.

धायरीकर

सर्वांचे आभार. एवढ्या तपशीलवार उत्तरांची मला अपेक्षा नव्हती. सचिव, भारवाढीचा अर्ज राहून जाणार होता. तो आता सर्वांत आधी करतो.

वास्तुरचनाकार ताईंचा न्यूट्रलविषयीचा प्रतिसाद वाचल्यावर मी आमच्या नेहमीच्या कारागिरांना घरी बोलावून तो वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि ‘बरोबर आहे, मीही अशी कामे उघडून पाहिली आहेत,’ असे म्हणाले. त्यानंतर वायरमन_हडपसर आणि निदेशक सर यांचे प्रतिसादही त्यांनी स्वतः वाचले. परवानाधारक ठेकेदाराकडे रीतसर नोंद होत असेल, तर त्यांच्या हाताखाली हे काम करायला ते तयार आहेत. कोथरूडमधील एका ठेकेदाराशी बोलणे झाले असून त्यांनाही हे मान्य आहे. आता माझा तिसरा प्रश्न थोडा बदलून विचारतो: अशा व्यवस्थेत कोणते काम कोणी करावे आणि ठेकेदाराकडून काय लिहून घ्यावे?

निवृत्त_शिल्पनिदेशक

फारच चांगला निर्णय. नियमाच्या शब्दांत पाहिले तर विजेचे काम परवानाधारक तारतंत्र्याच्या हातूनच व्हायला हवे, म्हणून परवाना मिळेपर्यंत आपल्या कारागिरांनी साहाय्यक म्हणून राहावे, असे माझे मत आहे. झिऱ्या पाडणे, पाइप आणि बॉक्स बसवणे, वायर ओढताना मदत करणे ही कामे त्यांनी करावीत. जोड, डीबीतील जोडणी आणि चाचण्या मात्र परवानाधारकानेच कराव्यात. दुसऱ्याने केलेल्या कामावर न पाहता सही करणे हे कोणत्याच रीतीने चालत नाही, हेही ठेकेदाराला आधीच स्पष्ट सांगावे.

पर्यवेक्षक_भोसरी

लिहून घेण्याविषयी मी भर घालतो. ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत, पर्यवेक्षक व तारतंत्री यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, आणि पर्यवेक्षक कोणत्या टप्प्यांवर स्वतः येऊन काम पाहणार, हे करारात असू द्यावे. परवान्यांना मुदत असते आणि नूतनीकरण करावे लागते, म्हणून केवळ क्रमांकावर विसंबू नये. कोणत्या सर्किटला कोणत्या जाडीची वायर आणि किती अँपिअरचा एमसीबी, याचा तक्ता काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा आणि तोच डीबीच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. गिझर, प्रत्येक एसी आणि इंडक्शन यांना स्वतंत्र फेज, स्वतंत्र न्यूट्रल आणि अर्थ, हे शब्द करारात जसेच्या तसे लिहावेत.

बाणेरचा_रहिवासी

पर्यवेक्षक, हा तक्ता आणि ‘पर्यवेक्षक कधी येणार’ हे कलम आमच्या करारात असते, तर आमच्यावर ती वेळ आली नसती, हे मला पटले. परवान्याची अट राहावी, पण ग्राहकाने त्यामागचे काम मागून घ्यावे, असे माझे मत आता झाले आहे. एक शेवटचा प्रश्न विचारतो, तो धायरीकरांनाही उपयोगी पडेल. मेगरची (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजण्याच्या उपकरणाची) चाचणी काम पूर्ण झाल्यावर करायची की मध्येच?

कोथरूडची_वास्तुरचनाकार

दोनदा करावी. मी माझ्या प्रत्येक कामावर पहिली चाचणी वायरी ओढून झाल्यावर, पण पीओपीचे छत बंद होण्यापूर्वी करून घेते, कारण तेव्हा दोष सापडला तर एक वायर बदलून भागते. छत बंद झाल्यावर तोच दोष काढायला रंग, पीओपी आणि सुतारकाम यांची तोडफोड करावी लागते. सुताराचा किंवा पीओपीवाल्याचा खिळा पाइपमधून आरपार जाण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, म्हणून दुसरी चाचणी ही कामे आटोपल्यावर आणि उपकरणे जोडण्यापूर्वी करावी. दोन्ही वेळचे आकडे तारखेसह एकाच कागदावर लिहून घ्यावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लक्षणीय खाली आला, तर सुतार घरात असतानाच ते सर्किट शोधून उघडायला सांगावे. वीज सुरू झाल्यावर आरसीसीबीचे चाचणी बटण ठेकेदारासमोर स्वतःच्या हाताने दाबून पाहावे आणि खटका पडला तरच शेवटचा हप्ता द्यावा.

धायरीकर

दोन्ही चाचण्या आणि आरसीसीबीची तपासणी करारात लिहून घेतो. ठेकेदार शनिवारी मोजमापे घ्यायला येत आहेत. सर्किटांचा तक्ता तयार झाला की तो येथे टाकतो, आपण सर्वांनी कृपया एकदा नजरेखालून घालावा.